बघितलं, नव्हतं

कचेरीला सहा पायऱ्या होत्या आणि चौथीवर थोरलीचा उजवा गुडघा कट्‌कन वाजायचा. आजही वाजला. कठड्याला धरून ती थांबली आणि गुडघ्याला म्हणाली, "वाजलास ना? आता वरच्या दोन गुपचूप चढ."

वर्षभर ती या पायऱ्या महिन्यातून दोनदा चढत आली होती. एक अमावास्येची मोठी ओहोटी, एक पौर्णिमेची. पाणी लांब मागं सरलं की खडक उघडे पडायचे. मग थोरली खाली उतरून मोजायची, काय आहे आणि किती आहे. मोजून झालं की कागद झटकून कचेरीत द्यायचा आणि घरी जाऊन पाय शेकायचे. आज मात्र ना अमावास्या होती ना पौर्णिमा, मोजणीचं वर्षही गेल्याच महिन्यात संपलं होतं, आणि तरी निरोप आला होता की मावशींना म्हणावं, जरा येऊन जा.

"निरोप आला म्हणजे काहीतरी घोळ आहे," सून म्हणाली होती.

"घोळ कसला? काम संपलं, म्हणून कौतुक करायला बोलावलं असेल."

"मग मीही येते, आई. कौतुक कसं असतं ते एकदा बघू तरी दे."

थोरलीनं तिला घरीच ठेवलं होतं. कौतुक असेल तर ते एकटीनं ऐकायला बरं, आणि नसेल तर एकटीनंच ऐकलेलं जास्त बरं.

बंधाऱ्यापासून दीपस्तंभापर्यंतचा खडकाळ किनारा राखीव होणार होता. म्हणजे पाच वर्षं तिथलं काही काढायचं नाही. कालवं नाहीत, खेकडे नाहीत, दगडसुद्धा उलटायचा नाही. पण बंद करायच्या आधी तिथं आज काय आहे याची वर्षभराची नोंद हवी होती. कचेरीत तिला मूळ मोजणी म्हणत. पाच वर्षांनी परत मोजायचं आणि या मूळ मोजणीशी ताडून बघायचं. वाढलेलं दिसलं तर बंदी पुढं चालू, नाही दिसलं तर किनारा पुन्हा खुला.

"म्हणजे लग्नाआधी पोरीचं वजन करून ठेवायचं," थोरली त्या पहिल्या सभेत म्हणाली होती. "सासरी सुकली का भरली, मग कळतं."

सभा हसली. कालवं काढणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त हसल्या. त्यांच्यातच थोरलीची धाकटी जाऊ बसली होती. तिला सगळे धाकटीच म्हणत. हसून झाल्यावर तीच उभी राहिली.

"वजन कोण करणार?" तिनं विचारलं. "काटा तुमचा, माप तुमचं, आणि दार बंद आमचं? आमच्यातलं कोणीतरी मोजू दे. या आमच्या जाऊबाई मोजतील. चाळीस वर्षं खडकावर काढलीत. आणि खोटं बोलल्या तर मला तोंडावरून कळतं."

त्या अटीवर बायकांनी हो म्हटलं आणि थोरली मोजणीवाली झाली. लिहिता येतं का, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती मान वर करून सांगणार होती की येतं, दोन वर्षं झाली.

कचेरीची खोली लहानशी होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीशी रबरी बूट आणि खिडकीखाली टेकवून ठेवलेली चौकट. पांढऱ्या नळीची, हातभर लांब, हातभर रुंद. ही चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत जेवढं येईल तेवढंच मोजायचं. किनाऱ्यावर तीन दोऱ्या ठरवलेल्या होत्या, वरच्या कोरड्या खडकापासून खाली पाण्यापर्यंत. एकेका दोरीवर दहा जागा, आणि प्रत्येक जागी खडकात पक्का केलेला लोखंडी खिळा. तीन दोऱ्या, तीस चौकटी, तीस वेळा उकिडवं बसणं आणि तीस वेळा उठणं. एका दोरीला एक कागद. कागदावर वरती सहा चित्रं होती: कालव, शंख, टोपीसारखं चिकटलेलं शिंपलं, खेकडा, हात लावला की मिटणारं समुद्रफूल आणि शेवाळ. डावीकडं एक ते दहा आकडे. मधे घरं.

टेबलापलीकडं मोजणीच्या बाई बसल्या होत्या. त्या या जागेवर येऊन चार महिने झाले होते. वय तिशीचं, पण बसणं साठीचं. त्यांच्याकडं असे आणखी दोन किनारे होते.

"बसा मावशी. पाणी देऊ?"

"पाणी रोजच बघते. चहा असला तर द्या."

बाई हसल्या नाहीत. तेव्हाच थोरलीला कळलं की सुनेचं खरं होतं.

"हे तुमचे बहात्तर कागद," बाई म्हणाल्या. पुठ्ठ्याचा खोका त्यांनी टेबलावर घेतला. "माझ्या आधीच्या साहेबांनी ते नुसते खोक्यात टाकले होते. मीही टाकत राहिले. गेल्या आठवड्यात सगळे एकदम संगणकावर चढवले. मावशी, यात एकूण चार हजार तीनशे वीस घरं आहेत. भरलेली जेमतेम सोळाशे. बाकी रिकामी."

"मग? जिथं होतं तिथं लिहिलं. जिथं नव्हतं तिथं काय लिहू?"

"शून्य."

"नुसतं?"

"नुसतं शून्य."

थोरलीला काही हे पटेना. सुनेनं तिला लिहायला शिकवलं ते जेवणाच्या टेबलाशी, भांडी आवरून झाल्यावर. अक्षराच्या जागी आधी टिंबं काढून द्यायची आणि म्हणायची, यावरून गिरवा. आणि एक गोष्ट तिनं बजावून सांगितली होती: जे आहे ते लिहायचं, आई, नाही ते मनानं घालायचं नाही. शून्य थोरलीला येत होतं, पण ते एकापुढं बसून दहा करायला, दोनापुढं बसून वीस करायला. नुसतं एकटं शून्य तिनं आयुष्यात एकदाच बघितलं होतं, लेकाच्या गणिताच्या पेपरावर, आणि त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नव्हतं.

"बाई, एवढं वाकून वाकून बघायचं आणि वर स्वतःला शून्य द्यायचं?"

"तुम्हाला नाही हो, खडकाला." बाईंनी कपाळ चोळलं. "शून्य म्हणजे मी बघितलं आणि तिथं नव्हतं. रिकामं म्हणजे मी बघितलंच नाही. संगणक रिकामं घर धरतच नाही. त्यामुळे त्याच्या हिशेबी तुम्ही फक्त जिथं काहीतरी होतं तिथंच बघितलंय. सगळा किनारा कालवांनी गच्च भरलेला दिसतोय. सोमवारी वरून साहेब येणार सही करायला. त्यांना काय दाखवू मी?"

"बघितलं नाही?" थोरलीचा आवाज चढला. "हे गुडघे बघा माझे. बिनबघता असे होतात का?"

"मला पटतं हो. कागदाला कसं पटवू?"

थोरलीनं खोक्यातला वरचा कागद ओढला. "एकेका घरात टोक टेकवते मी. पेन्सिलीचं टोक घरात ठेवायचं, मग खाली बघायचं, कालव आहे का. असलं तर तिथंच आकडा. नसलं तर टोक उचलून पुढच्या घरात. तसं केलं नाही तर माझं घर चुकतं. मला तुमच्यासारखं सरसर नाही येत."

बाईंनी कागद तिच्या हातातून घेतला. त्या खिडकीशी गेल्या आणि कागद उजेडात तिरका धरला. मग आणखी तिरका. मग नाकाला लागेल इतका जवळ घेतला.

"टिंबं आहेत," त्या म्हणाल्या. "मावशी, इथं टिंबं आहेत! प्रत्येक रिकाम्या घरात!"

त्यांनी दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला. जाडसर, पाण्यात न भिजणारा तो कागद. प्रत्येक टोकानं त्यात बारीकसा खळगा केला होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत बसल्या त्या अंग सोडूनच बसल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

"मावशी, तुम्ही वर्ष वाचवलंत माझं. मी आत्ताच वर सांगते, सगळ्या रिकाम्या घरांत शून्य घाला. तुम्ही फक्त एका कागदावर सही करा."

त्यांनी तिथल्या तिथं मजकूर केला, छापला आणि पुढं सरकवला. थोरलीनं बोट ठेवून वाचलं. तिला वेळ लागला. बाईंनी तेवढ्यात चहा सांगितला. 'मी मोजणी केलेल्या कागदांवरील सर्व रिकामी घरे मी प्रत्यक्ष पाहिली असून तेथे काहीही आढळले नाही.'

'सर्व' या शब्दावर बोट थांबलं.

"घरी नेऊ का?" थोरली म्हणाली. "सावकाश वाचते. उद्या आणून देते."

"न्या ना. वाचायचं काय आहे म्हणा त्यात."

खाली उतरताना गुडघा दोनदा वाजला, पण थोरली त्याच्याशी काही बोलली नाही.

तिसऱ्या दोरीचं तिला आठवत होतं. ती दोरी नेहमी शेवटी यायची. तोवर वीस वेळा उठबस झालेली असायची आणि पाणी फिरलेलं असायचं. नववी आणि दहावी चौकट अगदी तळाशी, तिथं घोट्याच्या वर पाणी चढू लागायचं. एका दिवशी तिनं उभ्यानंच तिकडं बघितलं आणि म्हटलं, आज राहू दे, पुढच्या खेपेला. आजारपण नव्हतं, वादळ नव्हतं, पाय घसरला नव्हता. नुसती दमली होती. पुढच्या खेपेला गेली. त्याच्या पुढच्या खेपेला परत राहिलं. कोणी विचारलं नाही. कागद खोक्यात पडत राहिले. न विचारल्यावर माणसाचं अंग कसं सैल पडतं, ते थोरलीला स्वतःवरूनच कळलं होतं. मग तळाच्या त्या दोन चौकटी कधी व्हायच्या, कधी नाही व्हायच्या.

सुनेनं कागद घडाघडा वाचला. "झालं की मग! करा सही आणि बसा घरी. डॉक्टरांनी काय सांगितलंय? उकिडवं बसणं बंद."

"तिसऱ्या दोरीच्या शेवटच्या दोन चौकटी मी काही वेळा सोडल्यात."

सून भाजी चिरत होती. सुरी थांबली. "किती वेळा?"

"ते मोजलं नाही."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग सुनेला हसू फुटलं. "मोजणीवाली आणि मोजलं नाही!" थोरलीही हसली, पण अर्धंच.

"चार हजार घरांत दोन-चार घरांनी काय होतंय, आई?" सून पुन्हा चिरायला लागली. "त्यांना शून्य हवंय, द्या शून्य. तुमचे गुडघे गेले तर ते कुठल्या घरात लिहिणार आहेत?"

 सून चुकीचं बोलत नव्हती. खरं तर थोरलीला तेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावरही बरं वाटलं नाही.

दिवेलागणीला धाकटी आली. बादली परत करायचं निमित्त, पण आली ती टेकलीच.

"मग जाऊबाई, सोमवारी सही, आणि मंगळवारपासून आम्ही हात चोळत बसायचं ना?"

"तू हो म्हटलंस म्हणून बंद होतंय. आता का कुरकुर?"

"कुरकुर नाही हो. पाच वर्षं आहेत, गंमत नाही. मी लांबच्या खाडीला जाईन, चालत जाईन, पण जाईन." तिनं पायाची बोटं मोडली. "गेल्या मोठ्या ओहोटीला सहज खाली गेले होते, तुमच्या त्या तिसऱ्या दोरीच्या टोकाला. काय कालवं आहेत! एकावर एक चढलीत नुसती. सगळ्या किनाऱ्यावर अशी जागा नाही. मी हात लावला नाही, म्हटलं जाऊबाईंनी लिहून ठेवलेली आहेत."



तिला एकदम सगळं समोर दिसलं. सोडलेल्या खेपांना तिथं शून्य पडलं, की कागदावर ती जागा निम्मी ओस. पाच वर्षांनी कोणीतरी येऊन मोजेल, तीच कालवं मोजेल, आणि म्हणेल, बघा, थोडी होती ती एवढी झाली, बंदीनं केवढी बरकत आली. मग आणखी पाच वर्षं बंद. आणि धाकटी तोवर लांबच्या खाडीला चालत जाईल, थोरल्या जाऊबाईंनी मोजलंय म्हणून.

"काय झालं? तोंड का असं केलंत?"

"गुडघा."

धाकटीनं तिच्याकडं टक लावून बघितलं. "गुडघा तोंडावर आलाय वाटतं," ती म्हणाली, आणि बादली तिथंच विसरून, की ठेवून, गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. सहीची जागा मोकळी होती.

"यातला 'सर्व' काढा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिसऱ्या दोरीची नववी आणि दहावी चौकट मी प्रत्येक वेळी बघितलेली नाही. जिथं बघितलं नाही तिथं टिंबही नसणार. काल तुम्ही बघितले ते पहिल्या दोरीचे कागद होते."

 बाईंनी खोका घेतला, तिसऱ्या दोरीचे चोवीस कागद बाजूला काढले आणि खिडकीशी गेल्या. थोरलीही गेली. एकीनं कागद धरायचा, दुसरीनं बघायचं. आठव्या ओळीपर्यंत टिंबं. खाली कधी टिंबं, कधी आकडे, कधी कोरा कागद, अगदी गुळगुळीत.

"इथं आहे का हो?"

"मला नाही दिसत."

"मला वाटतंय बारीकसं काहीतरी आहे."

"वाटतंय ते नको. नाही म्हणून लिहा."

असं करता करता चहा गार झाला. चोवीसपैकी अकरा कागदांवर शेवटच्या दोन ओळी कोऱ्या निघाल्या. बाईंनी अकरा हा आकडा लिहिला, त्याला गोल केला, आणि मग त्यांचा बांध फुटला.

"मावशी, हे काल सांगता येत नव्हतं? मी काल वर फोन करून सांगितलंय की सगळं झालं! तळाच्या चौकटी एवढ्या वेळा चुकल्या तर ती दोरी धरतच नाहीत. म्हणजे तिसरी दोरी परत. सहा महिने. बारा ओहोट्या. तोवर किनारा बंद करता येणार नाही. आणि साहेबांपुढं उभं कोण राहणार? तुम्ही का मी?"

"मी राहते उभी. बसायला नाही सांगितलं म्हणजे झालं."

बाईंना हसू आलं नाही, पण राग जरा निवळला. त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ कोऱ्या ओळींवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"का सोडल्या?" त्यांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"दमले होते."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही असतं तर तुम्हाला सांगायला बरं पडलं असतं."

बाईंनी मान हलवली. "चार महिन्यांत मी हा खोका एकदाही उघडला नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात उघडला असता तर दिसलं असतं. शून्याचंही आणि याचंही. आणून ठेवताय तुम्ही, म्हणजे सगळं ठीक असेल, असं धरून चालले." त्यांनी नवा कागद काढला. "साहेबांना दोन्ही सांगते. माझंही."

मग त्यांनी मजकूर पुन्हा केला. जिथं टिंब आहे तिथं शून्य. तिसऱ्या दोरीच्या एकशे बत्तीस घरांत फुली. फुली म्हणजे बघितलं नाही. थोरलीनं बोट ठेवून वाचलं आणि सही केली. सही करताना तिनं आधी टोक टेकवलं. जुनी सवय.

सोमवारी साहेब आले, बोलले आणि गेले. काय बोलले ते बाईंनी सांगितलं नाही. सहा महिन्यांचा हुकूम मात्र आला.

घरी सून दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून थोरलीपुढं आपटला. "हा बांधा. आणि बसायचं नाही. बसणारं माणूस दुसरं शोधा."

दुसरं माणूस न शोधताच मिळालं. धाकटीला सगळं कळलं होतं.

"मला वाटलंच होतं," ती दारातूनच म्हणाली. "गुडघा तोंडावर येतो होय कधी? आणि लिहिलं असतंत ना ते शून्य, तर पाच वर्षांनी मी तुमच्या दारात येऊन बसले असते, कालवांची टोपली घेऊन."

"आता सहा महिने मिळाले की तुला. खूश हो."

"खूश कसली, तुमच्याबरोबर वाकायला मीच येणार ना! तुम्ही लिहा, मी बघते. मला कुठं लिहिता येतंय."

पुढच्या अमावास्येला दोघी खाली उतरल्या. पाणी लांब गेलं होतं, खडक काळे आणि ओले, हवा खारट. तिसऱ्या दोरीच्या पहिल्या खिळ्याशी धाकटीनं चौकट ठेवली आणि बसली. थोरली उभी, छातीशी फळी, फळीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.

"कालव?"

"नाही."

"नीट बघितलंस?"

"अहो, उघडा दगड आहे. माशीसुद्धा नाही."

"बघितलंस का ते सांग."

"बघितलं, नव्हतं."

थोरलीनं शून्य काढलं. एकटं, गोल, जरा वाकडं. तिला अजून ते बरं दिसत नव्हतं.

"शंख?"

"चार. नाही, पाच. एक खाली लपलाय. मोठा लबाड आहे."

असं सावकाश चाललं, पूर्वी तीन दोऱ्या व्हायच्या तेवढ्या वेळात आता एक होईना. धाकटीची सवय काढायची, मोजायची नव्हे. प्रत्येक शिंपल्याला ती आधी बोटानं हलवून बघायची आणि थोरली ओरडायची, हलवू नको. सहाव्या चौकटीशी धाकटीची कंबर धरली. आठवीशी ती म्हणाली, "जाऊबाई, वर्षभर तुम्ही हे एकट्या करत होता? आणि मी समजत होते की तुम्ही फिरायला येता."  नववी झाली तेव्हा पाणी फिरलं होतं. नवव्या चौकटीत कालवं एकोणीस निघाली. थोरलीनं आकडा लिहिला आणि वर बघितलं तर दहाव्या खिळ्यावरून पांढरा फेस जात होता.

धाकटी त्यात उतरलीही. पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. चौकट हातात धरून उभी राहिली. पाणी गढूळ, खाली काही दिसेना.

"दिसत नाही हो! पण इथं आहेत. मला माहीत आहे, परवाच बघितलीत. लिहा वीस. वीसच्या खाली नसणारच."

"माहीत आहे ते नको. आत्ता दिसतंय का?"

"नाही."

"मग ये वर."

धाकटी वर आली, कपडे पिळत. थोरलीनं दहाव्या ओळीच्या सहा घरांत सहा फुल्या काढल्या आणि ओळीच्या बाहेर, कागदाच्या कडेला, एकेक अक्षर करत लिहिलं: बघितलं नाही. पाणी आलं. अक्षरं कडेशी गर्दी करून बसली, शेवटचं तर अर्धं कागदाबाहेर गेलं.

"बारातली पहिलीच खेप, आणि पहिल्याच खेपेला फुली," ती म्हणाली. तिला आता खरंच बसावंसं वाटत होतं, पण बसलं तर उठणं होतं.

धाकटी चौकट खांद्याला अडकवून कागदाकडं बघत होती. तिला अक्षर कळत नव्हतं, पण डावीकडचे आकडे कळत होते.

"जाऊबाई, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"दहावी चौकट पाण्याजवळ. पाणी आधी तिथंच येतं. मग आपण एकपासून का सुरू केलं? दहापासून सुरू करून वर का नाही गेलो?"

थोरलीनं कागदाकडं बघितलं. एक वरती, दहा खाली. लिहायचं म्हणजे वरून सुरू करायचं, हे तिला सुनेनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि वर्षभर, चोवीस ओहोट्या, ती कागदाच्या मागून खडक उतरत गेली होती. चाळीस वर्षं कालवं काढताना ती एकदाही वरून खाली आली नव्हती. सगळ्या बायका आधी तळाशी जायच्या आणि पाण्याच्या पुढं पुढं वर यायच्या. तिला हसू येईना आणि रडूही येईना.

"असंच का, ते कुठं लिहिलंय?" धाकटीनं विचारलं.

"कुठंच नाही लिहिलेलं," थोरली म्हणाली. "पुढच्या खेपेला दहापासून."

पाणी आता नवव्या खिळ्याशी आलं होतं. दोघी वर चढायला लागल्या. गुडघा वाजला, पट्ट्याच्या आतून, दबलेला. थोरलीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. फळी छातीशी धरून ती धाकटीच्या मागं मागं एकेक खडक चढत गेली.